कारखान्याच्या रस्त्यावर मोपेडची शिकवणी

माझा नवरा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता, लेथ मशीनवर काम करायचा. डिझेल इंजिनाचे सुटे भाग तिथं तयार व्हायचे. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि दिवसाढवळ्या तो घरात दिसायचा तो फक्त सोमवारी, कारण सोमवारी उद्यमनगर बंद. त्यामुळं नव्वदचं दशक सरत आलेलं असताना एका बुधवारी सकाळी अकरा वाजता तो सायकल ढकलत दारात आला, तेव्हा मला वाटलं, मशीनमध्ये बोट गेलं. मी आधी त्याच्या हातांकडं बघितलं. दहाही बोटं जागेवर होती. डबा मात्र भरलेलाच होता.

"आठवड्यातनं तीनच दिवस यायचं म्हणालाय मालक," तो म्हणाला. "आर्डरी न्हाईत. बाकीचं दिवस घरात ऱ्हावा म्हणतोय."

किती दिवस असं चालणार, म्हणून मी विचारलं. मोरीतला नळ गळत होता, तो खोलायला बसला.

कसबा बावड्यात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मागं ऊस, पुढं नवीन बंगल्यांचे पाये. मुलगी दुसरीत होती. नवऱ्याचे मोकळे दिवस सुरू झाले आणि घरातली एकेक वस्तू जमिनीवर पसरायला लागली. नळ झाला, मग कुलूप, मग टेबलफॅन, मग मिक्सर. तो सगळं खोलायचा, पुसायचा, परत बसवायचा. चांगला चालणारा मिक्सर का खोलला म्हणून विचारलं तर म्हणायचा, आवाज बदललाय. मला काही आवाज बदललेला वाटायचा नाही. पण मी तोंड मिटून पाट्यावर चटणी वाटायची. त्या माणसाचे हात रिकामे राहिले की त्याला घाम फुटायचा, हे मला तेव्हा कळलं.

माझं तरी काय वेगळं होतं! समोरच्या घरातला माणूस ज्या सूतगिरणीत कामाला होता ती दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती, आणि तो आता एसटी स्टँडाबाहेर रुमाल विकायचा. आमच्या दारावरून तो गठ्ठा घेऊन गेला की माझं स्वयंपाकातलं लक्ष उडायचं. मी बारावी झालेली. कुठं काय मिळेल ते करायला लागले. साड्यांना फॉल लावले. एका लोणच्याच्या घरगुती कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवली. तिथं आंब्याचा मोसम संपला आणि कामही संपलं. राजारामपुरीत दारोदार फिरून बायकांना विचारलं, तुम्ही भांडी घासायला काय वापरता, आणि त्यांनी राख म्हटलं तरी फॉर्मवर राखेला रकाना नव्हता. त्या पाहणीचं काम तीन आठवडे चाललं. एका कामात असताना पुढच्या कामाची चौकशी करायची, अशी सवयच लागली. कुणाच्या हळदीकुंकवाला गेले तरी वाण घेता घेता मी विचारायची, तुमच्या ओळखीत कुठं बाई पाहिजे आहे का? त्या बायका दुसऱ्या संक्रांतीला मला जरा चुकवायला लागल्या.

माझ्याकडं एक मोपेड होती. भावानं मोटारसायकल घेतली तेव्हा आपली जुनी मोपेड मला दिली होती. लग्नाआधी मी ती शिकले होते, त्यामुळं लेबलांच्या कामाला, पाहणीला मी तिच्यावरूनच जायची. आमच्या गल्लीत सरकारी दवाखान्यातली एक नर्स राहायची. तिची बदली गावाबाहेरच्या केंद्रात झाली, बस वेळेवर मिळेना. तिनं विचारलं, मला शिकवशील का, फुकट नको. मी तिला साखर कारखान्यामागच्या रस्त्यावर नेलं. उन्हाळा संपत आलेला, उसाचं गळीत थांबलेलं, त्यामुळं त्या रुंद रस्त्यावर शेळ्यांशिवाय कुणी नसायचं. आठ दिवसांत ती चालवायला लागली. तिनं आणखी दोघींना सांगितलं, त्यांनी चौघींना. पावसाळ्यात उघडीप बघून आम्ही जायचो. दिवाळीपर्यंत माझ्याकडं सकाळी दहा-बारा बायकांची रांग असायची. त्यात शिक्षिका होत्या, बँकेतली एक होती, बाकीच्या घरातल्याच.

शिकवायची पद्धत अशी की बाई गाडीवर बसणार आणि मी मागचं कॅरिअर धरून पळणार. नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट घालून पंजाबी ड्रेसवर मी रोज दोन तास पळत असे. बायका घाबरल्या की ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर पिळायच्या, आणि मी मागं लोंबकळत ओढली जायची. एकदा एक बाई मला घेऊन थेट उसात शिरली. पानांनी दोघींचे हात कापले.

त्या दिवशी माझे ओरबाडलेले हात बघून नवऱ्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. तोवर या शिकवणीबद्दल तो बरं-वाईट काहीच बोलला नव्हता. एवढंच म्हणाला होता की गाडी मोडली तर दुरुस्तीचं बघायला आपण मोकळेच आहोत. आता त्यानं मापपट्टी आणली, कागदावर काहीतरी काढलं, आणि पुढच्या कामाच्या दिवशी वर्कशॉपमध्ये रिकाम्या पडलेल्या लेथवर एक जोड बनवून आणला. मागच्या चाकाच्या ब्रेकला दुसरी केबल जोडून तिची मूठ त्यानं कॅरिअरखाली बसवली. पळता पळता मी मूठ दाबली की गाडी थांबणार. त्यानं ती पन्नास वेळा दाबून बघितली. कित्येक महिन्यांत मी त्याला शिट्टी वाजवताना ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी ऐकलं.

त्या ब्रेकमुळं आमच्या शिकवणीचं नाव झालं. 'बावड्यातल्या बाईंकडं पडायची भीती न्हाय' असं बायका एकमेकींना सांगायच्या. आणि असंच ऐकून एक दिवस आक्का आल्या.

आक्का पंचावन्नच्या पुढच्या. कपाळावर विभूती, नऊवारी इरकल, हातात कापडी पिशवी. जयसिंगपूरच्या एका लिंगायत व्यापारी घरातल्या. नवरा वारल्यावर मुलानं तिथलं भुसार दुकान विकून कोल्हापुरात धंदा मांडला होता, म्हणून त्याच्याबरोबर इथं आलेल्या. घरात कानडी, बाहेर मराठी. मला त्या पहिल्याच दिवशी तंगी म्हणाल्या, म्हणजे धाकटी बहीण.

मी म्हटलं, आक्का, तुम्हाला गाडी कशाला पाहिजे?

त्यांनी पिशवीतनं पुडा काढला. त्यात कडक भाकरी होत्या, पापडासारख्या पातळ, आणि वर तिळाचा थर. सोबत शेंगांची चटणी. पोराचा धंदा बसत चाललाय, त्या म्हणाल्या. तो बोलत नाही, पण सून आता दूध अर्धं घेते आणि कुणी बघत नसलं की त्यात पाणी घालते. म्हणून पोरगा दुकानात गेला की त्या शेजारच्या बाईच्या चुलीवर भाकरी करतात आणि शाहूपुरी-ताराबाई पार्कातल्या घरांत देऊन येतात. बसच्या गर्दीत निम्म्या भाकरी मोडतात. मोडलेली भाकरी कोण घेणार?

"पोराला कळू द्यायचं न्हाय," आक्का म्हणाल्या. "त्याला वाटल, आई मला बुडालेला समजती."

मी त्यांना घेतलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. नऊवारी नेसलेली, चष्म्याची बाई, आयुष्यात कधी सायकलवर न बसलेली. पण आक्कांना एक गोष्ट येत होती, जी माझ्या तरुण शिष्यांना येत नव्हती. त्या सांगितलेलं तेवढंच करायच्या. बघा समोर म्हटलं की समोर बघायच्या. गाडी हलली तरी ओरडायच्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्या सरळ रेषेत जायला लागल्या. मी अजून कॅरिअर धरून पळत होते, पण मला आता ओढावं लागत नव्हतं.

त्या वर्षी गळीत लवकर सुरू झालं. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रीघ लागली, रस्ताभर उसाची चिपाडं आणि पाला पडायला लागला. मी शिकवणी आतल्या मैदानावर न्यायला हवी होती. पण मैदान खडबडीत, बायकांना आवडायचं नाही, आणि त्याच आठवड्यात नवऱ्याच्या मालकानं तीनाचे दोन दिवस केले होते. एकही शिष्या गमवायची माझी तयारी नव्हती. मी रस्ता सोडला नाही.

आक्का गाडीवर होत्या. मी मागं. पुढून उसानं भरलेली ट्रॉली आली, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावलेली. आक्कांनी गाडी डाव्या कडेला घेतली, अगदी शिकवल्यासारखी, वेग कमी केला. सगळं नीट होतं. पण त्या ट्रॉलीच्या मागून बाहेर आलेल्या मोळ्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि माझ्या हाताची मूठ आपोआप वळली. मी मागचा ब्रेक पूर्ण दाबला. खाली ओली चिपाडं होती. मागचं चाक जागेवर थांबलं, घसरलं, आणि आक्का उजव्या हातावर पडल्या. ट्रॉली तोवर पुढं निघून गेली होती. तिच्या ड्रायव्हरला काही कळलंही नसेल.

आक्का रस्त्यावर बसून आधी चष्मा शोधत होत्या. मनगट सुजायला लागलेलं. मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालेपर्यंत त्या मला एकच गोष्ट सांगत राहिल्या, भाकरीची पिशवी गाडीला अडकवलेली आहे, ती ताराबाई पार्कात पोचव. मी पोचवली. त्या घरातल्या बाईनं दार उघडलं, पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, सगळ्या मोडल्यात की.

घरी आले तर नवरा दारात उभा. मोपेडचा आरसा फुटलेला बघून त्यानं विचारलं, "ब्रेक लागला न्हाय काय?"

"लागला," मी म्हटलं. "मी दाबला. म्हणूनच पडल्या त्या."

तो उंबऱ्यावर बसला. हातातल्या फडक्याची त्यानं घडी घातली, उलगडली, परत घातली. मला त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण मलाच कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आक्कांचा मुलगा आला. पांढरा शर्ट, हातात हेल्मेट, पस्तिशीचा. मी चहा ठेवायला वळले तर नको म्हणाला. आईला या वयात गाडीवर बसवायचं तुम्हाला सुचलं कसं, आणि ती कशासाठी शिकत होती, असं त्यानं मला विचारलं. मी गप्प बसले. आक्कांना दिलेला शब्द होता. माझ्या गप्प बसण्यानं त्याचा आवाज चढत गेला. तो म्हणाला, चार पैशांसाठी तुम्ही म्हाताऱ्या बायकांनाही सोडत नाही.

तेव्हा माझा नवरा मध्ये आला. इतका वेळ तो कोपऱ्यात मिक्सरचं झाकण धरून उभा होता.

"पावणं, चूक माझी हाय," तो म्हणाला. "त्यो मागचा ब्रेक मी बसवलाय. त्यो नसता तर त्या पडल्या नसत्या. काय बोलायचं ते मला बोला."

मुलगा त्याच्याकडं बघत राहिला. दोघंही साधारण एका वयाचे. दोघांचेही कामधंदे बसलेले, पण एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. मला मात्र दोघांचंही माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं. मुलानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं आणि आला तसा गेला.

पुढचे दोन महिने शिकवणी जवळजवळ बंद पडली. बातमी पसरायला बावड्यात वेळ लागत नाही. दोघी-तिघी यायच्या, त्याही मैदानावर. मी पुन्हा फॉल लावायला घेतले. एका जागी टाचण्या लावत बसवेना. दर थोड्या वेळानं उठून मी दारात जायची आणि रस्त्याकडं बघायची, कोण येतंय का. कोण येणार होतं? मुलगी म्हणायची, आई, बस की गं. बसले की पाय हलायला लागायचे. नवऱ्याचं तेच. दोन खोल्यांत आम्ही दोघं एकमेकांना ओलांडत फिरायचो.

आक्कांना भेटायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा सुनेनं त्या झोपल्या आहेत म्हणून दारातूनच परत पाठवलं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी मैदानावर रिक्षा थांबली आणि आक्का उतरल्या. प्लास्टर निघालेलं, मनगट बारीक झालेलं. बरोबर मुलगा. तो रिक्षाजवळच उभा राहिला. आक्का माझ्याकडं आल्या. मी बोलायला लागले, दोन महिने मनात घोळवलेलं सगळं, की रस्ता सोडायला हवा होता, की ब्रेक मी दाबला. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते मला पडताना कळलंय, तंगी," त्या म्हणाल्या. "मी नीट चाललेले. भ्यालीस तू."

मग त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की पोराला त्यांनी सगळं सांगून टाकलं. हात मोडल्यावर भाकरी थांबल्या आणि घराघरांतून निरोप यायला लागले, आक्का कुठं आहेत म्हणून. एका बाईनं तर दुकानातच जाऊन विचारलं. तेव्हा त्याला कळलं. तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला म्हणाला, आईच्या भाकरीचं पीठ मी आणतो.

"आता ते मागचं काढ," आक्का गाडीकडं बघून म्हणाल्या. "मग मी बसती."

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो पाना घेऊन सायकलवर आला. त्यानं केबल सोडवली, मूठ काढली, कॅरिअरखालचे नट परत आवळले. आक्कांच्या मुलानं विचारलं, हे तुम्ही स्वतः बनवलंय? नवरा म्हणाला, व्हय. मुलानं मूठ हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, काम झकास आहे. नवऱ्याचे कान लाल झाले.

आक्का बसल्या. मी कॅरिअर धरून चार पावलं पळाले आणि सोडून दिलं. त्या गेल्या. मैदानाच्या टोकाला बाभळीला वळसा घालून परत आल्या, आणि माझ्याजवळ न थांबता दुसरा वळसा घ्यायला गेल्या. मुलगा हसत होता. मला मात्र हसू येईना. त्या थांबेपर्यंत माझ्या दोन्ही मुठी वळलेल्याच होत्या.

आक्कांनी नंतर एक जुनी गाडी घेतली आणि सहा-सात वर्षं भाकरी पोचवल्या. मुलाचा तो धंदा शेवटी बंदच झाला. तो भाकरी-चटणीच्या पुड्यांवर लेबल लावून दुकानादुकानांत टाकायला लागला आणि त्यावर घर सावरलं. पुढं ते सगळे परत जयसिंगपूरला गेले. एकदा खाऊचा पुडा घेऊन मी तिथं गेलेही होते, आक्का तेव्हा खाटेवर होत्या. त्यांनी सुनेला सांगून मला परत भाकरीचा पुडा दिला, मी नेला त्याच्या दुप्पट.

आमचं तसं एका ठिकाणी सावरलं असं झालं नाही. दोन दिवसांचा एक दिवस झाला आणि मग मालकानं वर्कशॉप विकलं. नवऱ्याला एका मोठ्या दवाखान्यात देखभालीचं काम मिळालं. पाणी, पंखे, लिफ्ट. पण ते कंत्राटावर, अकरा महिन्यांचं. दर अकरा महिन्यांनी एक दिवस सुट्टी द्यायचे आणि मग पुन्हा घ्यायचे. त्या एका दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन निघाला आणि कोपऱ्यावर वळला, की मी मुलीला उठवायची.

माझी शिकवणी आक्कांनंतर पुन्हा भरली आणि पाच-सहा वर्षं चांगली चालली. मग बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या आल्या. पोरी आपल्या भावाकडून एका संध्याकाळी शिकायला लागल्या, आणि ज्यांना लायसन पाहिजे त्या पाट्या लावलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायला लागल्या. मी बरोबर अंदाज घेतला होता. शिष्या घटायला लागल्या त्याच वर्षी मी चारचाकी शिकून घेतली आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायला धरली. ती नऊ वर्षं चालवली. मुलं रोज सुखरूप घरी पोचायची आणि तरीही मे महिना आला की मला वाटायचं, जूनमध्ये बोलावतील का?

व्हॅन चालू असतानाच मुलगी इंजिनिअर झाली. पुण्यात एका कंपनीत नोकरी लागल्याचं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा नवरा शेजारीच उभा होता, कान रिसिव्हरला लावून. मी अभिनंदन वगैरे म्हणायच्या आधी विचारलं, "पर्मनंट हाय न्हवं?"

ती म्हणाली, "आई, आता तसं काय नसतंय."

नवऱ्यानं कान काढून घेतला आणि चप्पल घालून दुकानाकडं गेला, पेढे आणायला. मी फोन ठेवला. मग पुन्हा उचलला आणि शाळेच्या बाईंना लावला, सुट्टीतल्या शिबिराला व्हॅन लागणार आहे का ते विचारायला.